मुक्तस्रोत प्रकल्पाचा पैसा आणि कारभार : सुरुवात कुठून करायची

मुक्तस्रोत प्रकल्प (ज्याचा कोड कुणालाही वाचता, वापरता आणि बदलता येतो) थोडा नावारूपाला आला की रीडमी फाइलमध्ये देणगीचं बटण लागतं. सहा महिन्यांनी त्यात चिल्लर जमलेली असते, आणि तोवर कुणाचं काही बिघडत नाही. मग एक दिवस एखाद्या कंपनीचा ईमेल येतो : तुमची लायब्ररी आम्ही वापरतो, यंदा दहा हजार डॉलर द्यायचे आहेत, बीजक कुणाच्या नावाने येईल? इथे घोडं अडतं. प्रकल्प म्हणजे कायद्याच्या दृष्टीने कुणीच नाही. त्याला खातं नाही, सही करणारा माणूस नाही, आणि पैसे आले तर पाच मेंटेनरांपैकी (प्रकल्प सांभाळणाऱ्यांपैकी) कुणाला किती, हेही कधी बोललेलं नाही.

म्हणून या लेखात पैसा पाचव्या पायरीवर येतो. त्याआधी चाव्या, हक्क, नियम आणि खातं. हा क्रम उलटला की भांडण होतं, आणि ते बहुधा रकमेवरून होत नाही, ती कुणी ठरवली यावरून होतं.

पहिली पायरी : चाव्या कुणाकडे आहेत ते लिहून काढा

एक साधा तक्ता करा. ओळी अशा : डोमेन नाव, रिपॉझिटरीचे (कोडच्या कोठाराचे) ॲडमिन, पॅकेज रजिस्ट्रीवर (तयार कोड जिथून उतरवून घेतात ते भांडार : एनपीएम, पायपीआय वगैरे) प्रकाशनाचा हक्क, रिलीजवर (प्रकाशित आवृत्तीवर) सही करायची डिजिटल किल्ली, सीआयमधली (बदल आपोआप तपासणाऱ्या, आवृत्ती बनवणाऱ्या यंत्रणेतली) टोकनं, सुरक्षा-दोष कळवायचा ईमेल पत्ता, संकेतस्थळाचं होस्टिंग, चॅटचे ॲडमिन. प्रत्येक ओळीपुढे दोन माणसांची नावं, दुहेरी पडताळणी चालू आहे का, रिकव्हरी कोड कुठे ठेवलेत आणि नूतनीकरणाची तारीख. एका दुपारचं काम आहे.

तक्ता भरताना दोन गोष्टी हमखास सापडतात. डोमेन तीन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या कुणाच्या तरी कार्डावर चालू असतं. आणि रिपॉझिटरी संस्थेच्या खात्यात हलवलेली असली, तरी रजिस्ट्रीवरचं पॅकेज मूळ लेखकाच्या वैयक्तिक खात्यातच राहिलेलं असतं. कमिट करणारे (कोडमध्ये बदल नोंदवणारे) पाच जण, प्रकाशित करू शकणारा एकच. तो आजारी पडला तर सुरक्षेची दुरुस्ती तयार असूनही लोकांपर्यंत पोचत नाही.

चाव्या वाटायच्या म्हणजे मागेल त्याला द्यायच्या नाहीत. २०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीम या पॅकेजच्या मेंटेनरने, स्वतः ते वापरत नव्हता म्हणून, मदतीला आलेल्या अनोळखी माणसाला प्रकाशनाचा हक्क देऊन टाकला. त्या माणसाने बिटकॉइन वॉलेटवर डोळा ठेवणारी एक डिपेंडन्सी (पॅकेज ज्यावर अवलंबून असतं तो दुसरा कोड) आत घुसवली. एक्सझेड युटिल्स या फाइली आवळणाऱ्या साधनात २०२४ साली उघड झालेला प्रकार त्याहून थंड डोक्याचा. जिया टॅन या नावाने कुणीतरी दोन वर्षांहून जास्त काळ नीट काम करून विश्वास कमावला आणि शेवटी कोडमध्ये मागचं दार (गुपचूप शिरायची वाट) ठेवलं. विश्वास कमावण्याच्या काळात इतर काही खाती दमलेल्या मेंटेनरवर 'जमत नसेल तर ताबा सोड' असा दबाव आणत राहिली. एसएसएच लॉगिनला (दूरच्या संगणकात शिरायला) नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त का लागतोय, याचा छडा आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने लावला म्हणून ते मागचं दार सापडलं.

'एक वर्ष काम केलेल्यालाच हक्क' या नियमाने तो हल्ला थांबला नसता. थांबवू शकली असती ती वेगळी खबरदारी : कट सुरू करणारा तुकडा गिटमध्ये (कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत) नव्हताच, फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये (वाटपासाठी बांधलेल्या एका फाइलमध्ये) होता. म्हणून टारबॉल कुणाच्या लॅपटॉपवर बनू देऊ नका. सार्वजनिक टॅगवरून (गिटमधल्या आवृत्तीच्या खुणेवरून) सीआयने बनवावा आणि दुसऱ्या मेंटेनरने तो टॅगशी ताडून पाहावा. कमिटचा हक्क आणि रिलीजचा हक्क वेगळे ठेवा.

दुसरी पायरी : परवाना आणि योगदानाचे हक्क

परवान्याची फाइल मुळाशी हवी, हे सांगायला नको. पण आलेल्या प्रत्येक योगदानाचा हक्क कुणाकडे राहतो, हे पहिल्या बाहेरच्या पॅचआधी ठरवावं. सोपा मार्ग डीसीओचा, म्हणजे कोडच्या मुळाबद्दलच्या जाहीरनाम्याचा. लिनक्स कर्नलने तो २००४ मध्ये आणला : कमिट करणारा 'साइन्ड-ऑफ-बाय' अशी ओळ जोडतो आणि हा कोड द्यायचा हक्क मला आहे असं जाहीर करतो. कॉपीराइट त्याच्याकडेच राहतो. सीएलए (योगदानकर्त्याचा परवाना-करार) जड असतो. तो एखाद्या कंपनीला पुढे परवाना बदलायची मोकळीक देणारा असेल, तर जाणते योगदानकर्ते तो वाचून मागे फिरतात. त्यासाठी पक्कं कारण नसेल तर डीसीओ पुरे.

तिसरी पायरी : कारभाराची फाइल

दोनच माणसं असतील तर फाइलमध्ये तेवढंच लिहा : 'निर्णय हे दोघे घेतात, मतभेद झाला तर पहिल्याचा शब्द शेवटचा.' त्यात लाजण्यासारखं काही नाही. नसलेली लोकशाही दाखवण्यापेक्षा असलेली एकाधिकारशाही सांगितलेली बरी. तीनपासून दहा-बारा मेंटेनरांपर्यंतच्या प्रकल्पाला चालेल असा एक मसुदा हा :

१. रोजचे बदल एका मेंटेनरच्या मंजुरीने जातात. स्वतःचा बदल स्वतः मंजूर करायचा नाही.
२. सार्वजनिक एपीआय (इतर प्रोग्राम लायब्ररी ज्यातून वापरतात ती जोडणी) मोडणारे बदल, नव्या डिपेंडन्सी आणि जुन्या सुविधा काढणं यांसाठी इश्यूमध्ये (रिपॉझिटरीच्या चर्चाफलकावर) प्रस्ताव. तो ७ दिवस उघडा राहील. कारणासह हरकत आली नाही तर मंजूर.
३. हरकत मिटली नाही तर सक्रिय मेंटेनरांचं मतदान, साधं बहुमत.
४. सक्रिय म्हणजे गेल्या ६ महिन्यांत किमान एक रिव्ह्यू (दुसऱ्याच्या बदलाची तपासणी), कमिट किंवा मत. नसेल तर नाव 'माजी' यादीत जातं आणि चाव्या काढल्या जातात. परत यायला एका मेंटेनरची शिफारस पुरे.
५. नवा मेंटेनर : दोघांची शिफारस, ७ दिवस, हरकत नसेल तर नेमणूक.
६. मेंटेनरला काढणं, परवाना किंवा ही फाइल बदलणं : दोन-तृतीयांश मतं, प्रस्ताव १४ दिवस उघडा.
७. खर्च ५०० डॉलरपर्यंत : दोन मेंटेनरांची संमती. त्यापुढे सार्वजनिक प्रस्ताव. ज्याला पैसे मिळणार तो मत देत नाही.
८. एकाच कंपनीत काम करणाऱ्यांची मतं एकूण मतांच्या एक-तृतीयांशापेक्षा जास्त मोजली जात नाहीत.

सगळ्यात कामाचं कलम चौथं, आणि लोक तेच गाळतात. निष्क्रिय मेंटेनर मतदारांच्या यादीत तसेच राहिले की दोन-तृतीयांश मतं कधीच जमत नाहीत, आणि प्रकल्प स्वतःच्याच नियमांत अडकतो. 'माजी' हा शब्द मानाने वापरा, म्हणजे कुणाला ती शिक्षा वाटणार नाही.

दुसऱ्या कलमातली 'मौन म्हणजे संमती' ही पद्धत अपाची फाउंडेशनच्या प्रकल्पांत मुरलेली आहे. तिथे मतदान सहसा किमान ७२ तास चालतं, रिलीजला किमान तीन होकारार्थी मतं लागतात आणि कोडमधल्या बदलाला नकार देणाऱ्याने तांत्रिक कारण द्यावं लागतं. कारण नसलेला नकार ग्राह्य नाही. ७२ तास जगभर विखुरलेल्या लोकांसाठी किमान आहेत. फावल्या वेळात काम करणाऱ्या संघाला एक शनिवार-रविवार मधे यायलाच हवा, म्हणून वर ७ दिवस.

आठवं कलम आज अनावश्यक वाटेल. पायथनचे जनक खिदो फान रॉसम २०१८ च्या जुलैमध्ये, पीईपी ५७२ या भाषेतल्या बदलाच्या प्रस्तावावरच्या वादानंतर, निर्णयाच्या खुर्चीवरून उठले. त्यानंतर समुदायाने जी पाच जणांची सुकाणू समिती स्वीकारली, तिच्यात एकाच मालकाचे दोनाहून जास्त सदस्य चालत नाहीत. असा नियम कंपनीने तिसरा माणूस नोकरीवर घेण्याआधी करायचा असतो. नंतर केला तर तो त्या माणसाविरुद्ध केल्यासारखा दिसतो.

चौथी पायरी : पैशाचं घर

पर्याय तीन. पहिला, एखाद्या मेंटेनरचं वैयक्तिक खातं. वर्षाला काहीशे डॉलर असतील तोवर चालतं. त्यापुढे ते त्याचं उत्पन्न धरलं जातं, कर तो भरतो, आणि हिशेब विचारणं म्हणजे त्याच्यावर संशय घेणं ठरतं.

दुसरा, यजमान संस्था. ही नोंदणीकृत ना-नफा संस्था अनेक प्रकल्पांचे पैसे वेगवेगळ्या खतावणीत सांभाळते, बीजकं काढते, करार करते, खर्च फेडते. सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट ही संस्था देणग्यांतून ५ टक्के ठेवते, सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी आणि ओपन सोर्स कलेक्टिव्ह १० टक्के. दहा टक्के ऐकून नाक मुरडणाऱ्यांनी एकदा वर्षाचा हिशेब, करविवरण आणि चार देशांतल्या चार माणसांना पैसे पाठवणं स्वतः करून पाहावं. रकमेचा अंदाज असा : १०,००० डॉलर कार्डाने आले, तर यजमान १,००० घेते, कार्डाची प्रक्रिया ३ टक्के धरली तर ३०० जातात, हाती ८,७००. मोठी रक्कम बँक हस्तांतरानेच मागवावी, ते ३०० वाचतात.

सही करण्याआधी यजमानाला विचारायचं :
- आम्ही निघालो तर शिल्लक आणि ट्रेडमार्क कुठे जाईल, किती दिवसांत?
- आमच्या मेंटेनरांच्या देशांत तुम्ही पैसे पाठवू शकता का?
- खर्चाची फेड किती दिवसांत होते?
- देणगीदाराला करसवलत मिळते का? अमेरिकेत ५०१(सी)(३) (धर्मादाय) संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळते, ५०१(सी)(६) (व्यापारी संघटना) संस्थेला दिलेल्यावर देणगी म्हणून मिळत नाही. कंपनी तो पैसा व्यवसायाचा खर्च म्हणून दाखवणार असेल तर तिला बहुधा फरक पडत नाही.

पहिला प्रश्न केवळ औपचारिक नाही. ओपन कलेक्टिव्ह फाउंडेशनने (ही ओपन सोर्स कलेक्टिव्हहून वेगळी संस्था) फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्षाअखेर बंद होत असल्याचं जाहीर केलं आणि तिच्या छत्राखालच्या शेकडो गटांना दुसरं घर शोधावं लागलं.

तिसरा पर्याय स्वतःची संस्था काढण्याचा. विश्वस्त, सभांची इतिवृत्तं, लेखापरीक्षण, दरवर्षीची विवरणपत्रं. निदान एका माणसाचा पूर्ण पगार नियमित निघत नाही तोवर या वाटेला जाऊ नये. उत्साहात काढलेल्या संस्थेचं ओझं शेवटी कोड लिहिणाऱ्याच्याच डोक्यावर बसतं.

पाचवी पायरी : पैसा आणणं

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. ओपनएसएसएलवर (जोडणी सुरक्षित करणाऱ्या लायब्ररीवर) इंटरनेटचा मोठा भाग चालत होता, आणि हार्टब्लीड हा तिच्यातला सुरक्षा-दोष उघड झाला त्या २०१४ सालापर्यंत त्या प्रकल्पाला देणग्या मिळत होत्या वर्षाला सुमारे दोन हजार डॉलर. वापर आणि उत्पन्न यांचा आपोआप काही संबंध जुळत नाही. मागावं लागतं.

*छोट्या वर्गण्या.* गिटहबवर '.गिटहब' फोल्डरमध्ये फंडिंग नावाची वायएमएल फाइल टाकली की रिपॉझिटरीवर प्रायोजकत्वाचं बटण दिसतं. देण्याचे टप्पे तीनच ठेवा. स्वस्त टप्प्यात 'प्रश्नांना प्राधान्याने उत्तर' असलं वचन देऊ नका, पाच डॉलरमागे तासभर जातो. यातून डोमेन, होस्टिंग, सीआय निघतं. पगार निघेल ही आशा बहुतेक प्रकल्पांनी सोडून द्यावी.

*कंपन्या.* खरी रक्कम इथे असते, आणि इथेच मेंटेनर संकोचतात. भीड ही भिकेची बहीण. कोण वापरतं ते शोधा : इश्यू टाकणाऱ्यांचे कामाचे ईमेल, नोकरीच्या जाहिरातींत तुमच्या लायब्ररीचं नाव, रिपॉझिटरीवर अवलंबून असलेले प्रकल्प. मग 'देणगी' हा शब्द वापरू नका. अभियांत्रिकी व्यवस्थापकाकडे देणगीसाठी खातं नसतं, सॉफ्टवेअर आणि सेवांसाठी असतं. पत्र इतकंच असावं :

'तुमच्या पेमेंट सेवेत आमची लायब्ररी आहे असं इश्यूंवरून दिसतं. पुढच्या वर्षी आम्ही दोन दीर्घ-मुदतीच्या आवृत्त्या आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या सांभाळणार आहोत, त्याला वर्षाला ४०,००० डॉलर लागतात. वार्षिक सदस्यत्व ५,००० डॉलर, बीजक यजमान संस्थेकडून येईल. तुमचं पुढचं अंदाजपत्रक कधी ठरतं?'

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. 'आत्ता पैसे नाहीत' हे उत्तर बहुधा खरंच असतं, आणि अंदाजपत्रकाआधी दोन महिने पुन्हा लिहिलं तर तेच पैसे असतात. बदल्यात काय द्यायचं? संकेतस्थळावर नाव, तिमाही अहवाल, वर्षातून एखादी चर्चा. कोणती सुविधा आधी होणार हे ठरवायचा हक्क कधीच नाही.

*अनुदानं.* एनएलनेट ही डच संस्था पहिल्या अर्जाला साधारण ५,००० ते ५०,००० युरोंपर्यंत देते, अर्जाची फेरी दर दोन महिन्यांनी. जर्मनीचा सॉव्हरिन टेक निधी २०२२ मध्ये सुरू झाला, तो पायाभूत घटकांसाठी ५०,००० युरोंच्या पुढच्या कामांचा विचार करतो. फ्लॉस फंड १०,००० ते १,००,००० डॉलर देतो आणि अर्जाऐवजी 'फंडिंग' नावाची जेसन फाइल प्रकल्पाच्या पत्त्यावर ठेवायला सांगतो. अटी बदलत राहतात, अर्जाआधी त्यांची ताजी पानं वाचावीत.

२४,००० युरोंचा अर्ज, तासाला ६० युरो धरून, असा फोडता येईल : फझिंग (वेडीवाकडी माहिती देऊन दोष शोधणं) आणि चाचण्या ९० तास, ५,४००, नवा एपीआय १५० तास, ९,०००, दस्तऐवज आणि स्थलांतराची मार्गदर्शिका ६० तास, ३,६००, सुरक्षा-तपासणीत निघालेल्या दुरुस्त्या ५० तास, ३,०००, रिव्ह्यू, रिलीज आणि अहवाल ५० तास, ३,०००. एकूण ४०० तास. प्रत्येक टप्पा बाहेरच्याला तपासता यायला हवा : मर्ज (मुख्य कोडमध्ये सामील) झालेला बदल, प्रसिद्ध झालेली आवृत्ती. 'कामगिरी सुधारणे' हा टप्पा होत नाही. नवशिके रिव्ह्यूची शेवटची ओळ विसरतात, आणि मग दुसऱ्याने लिहिलेले अनुदानाचे ९,००० युरोंचे बदल मेंटेनर फुकटात तपासत बसतो. बरीच अनुदानं टप्पा पुरा झाल्यावर पैसे देतात, म्हणजे पहिले दोन महिने घरखर्च दुसरीकडून निघायला हवा.

*बक्षिसं.* इश्यूवर बक्षीस लावण्याची कल्पना आकर्षक दिसते. प्रत्यक्षात तीन जण एकाच वेळी घाईचे पॅच टाकतात, पैसे लिहिणाऱ्याला मिळतात आणि तपासणाऱ्याला मनस्ताप. अगदी नेमक्या व्याख्येच्या कामापुरतंच वापरा.

सहावी पायरी : खर्च करणं

क्रम असा ठेवा : आधी पायाभूत खर्च, मग सुरक्षा-दुरुस्त्या आणि रिलीज, मग रिव्ह्यू आणि इश्यूंची निवड, आणि उरलं तर नव्या सुविधा. नव्या सुविधा लिहायला स्वयंसेवक आपणहून येतात. जुन्या शाखेवर दुरुस्ती न्यायला कुणी येत नाही.

पैसे मिळणारे आणि न मिळणारे एकाच संघात आले की नाराजीची शक्यता गृहीतच धरा. डेबियन या लिनक्स वितरणात २००६ साली डंक-टँक नावाचा उपक्रम झाला : 'एच' (Etch) ही आवृत्ती डिसेंबरमध्ये वेळेवर निघावी म्हणून रिलीज सांभाळणाऱ्यांना मानधन. काही स्वयंसेवकांनी नाराजीने हात आखडता घेतला, आणि आवृत्ती निघाली एप्रिल २००७ मध्ये. यातून घ्यायचं ते एवढंच की काम आधी जाहीर करा, कुणालाही अर्ज करता येऊ द्या, दर एकच ठेवा आणि उघड ठेवा. तळं राखील तो पाणी चाखील हे खरं, म्हणून किती चाखलं ते तिमाही हिशेबात सगळ्यांना दिसू द्या. सहा महिन्यांच्या पायाभूत खर्चाइतकी राखीव रक्कम बाजूला काढा आणि तिला हात लावायला दोन-तृतीयांश मतं लागतील असं लिहून ठेवा.

सातवी पायरी : नाव

कोडचा फोर्क (प्रत काढून वेगळा प्रकल्प) करता येतो, नावाचा करता येत नाही. हडसन या प्रकल्पाच्या नावावर ओरॅकलने हक्क सांगितला तेव्हा, २०११ मध्ये, समुदायाला जेन्किन्स हे नवं नाव घ्यावं लागलं. हॅशिकॉर्पने ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्म या आपल्या साधनाचा परवाना बदलला तेव्हा फोर्क उभा राहिला, पण ओपनटोफू या नावाने. प्रकल्प एखाद्या कंपनीतून निघाला असेल तर ट्रेडमार्क यजमान संस्थेकडे द्यायची बोलणी संबंध गोड असतानाच करा. कंपनी विकली गेल्यावर समोर बसलेला माणूस वेगळा असतो.

आठवी पायरी : ताबा सोडताना

मेंटेनर थकतात, प्रकल्प संपतात. रीडमीत तारखेसह सूचना, एक शेवटचं रिलीज, मग रिपॉझिटरी फक्त वाचण्यापुरती. शिल्लक रक्कम कुठे जाणार हे यजमानाच्या करारात असतंच, बहुधा त्याच उद्देशाच्या दुसऱ्या प्रकल्पाकडे. रजिस्ट्रीवरचं पॅकेज काढून टाकू नका, 'वापरू नये' अशी खूण करा. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड हे अकरा ओळींचं पॅकेज एनपीएमवरून काढलं गेलं आणि जगभरची बिल्डं कोसळली.

डोमेन मात्र त्यानंतरही पाच-सात वर्षं भरत राहा, आणि तेवढे पैसे शेवटच्या हिशेबातून आधीच बाजूला काढा. २०२२ मध्ये पायपीआयवरच्या सीटीएक्स या जुन्या पॅकेजच्या मेंटेनरचं डोमेन मुदत संपून सुटलं होतं. कुणीतरी ते विकत घेतलं, त्यावरचा ईमेल पत्ता पुन्हा उभा केला, रजिस्ट्रीचा पासवर्ड बदलून घेतला आणि घातक आवृत्ती प्रसिद्ध केली.